माळावर बोकड कसे वाढवावेत, पेंडीच्या गोण्या न आणता

सिन्नर, येवला, नांदगाव, चांदवड. या कोरड्या पट्ट्यात चारायला माळ आहे आणि संगमनेरी शेळी तर इथलीच. विकाऊ बोकड तेवढ्यावर तयार होतो. लाखो रुपये घालून उंच जाळीचं शेड बांधा म्हणणाऱ्याला आधी विचारा, तुम्ही बोकड विकता की शेड? वर पत्रा आणि खाली कोरडी जमीन पुरते.

उन्हाळ्यासाठी बाभळीच्या शेंगा आणि तूर-हरभऱ्याचा भुसा साठवा. बांधाला शेवरी, सुबाभूळ लावा; सुबाभूळ मात्र एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्यावर जाऊ देऊ नका. एप्रिलच्या खरड छाटणीचा द्राक्षाचा पाला फुकट मिळतो, पण फवारलेला असला तर हातही लावू नका.

आता पावसाळा. मला सगळ्यात जास्त छळलं ते यानेच. पाऊस लागण्याआधी आंत्रविषाराची (आतड्यात विष तयार होऊन शेळी अचानक दगावते, तो रोग) लस टोचून घ्या, आणि कोवळ्या गवतावर उपाशी कळप सोडू नका. आधी वाळला चारा द्या. खरा चोर मात्र पोटातला रक्त पिणारा जंत. लेंडीतल्या अंड्यांतून ओल्या हवेत आठवडाभरात अळ्या तयार होतात आणि गवताच्या बुडाच्या दोन-तीन इंचांत बसतात. म्हणून दव वाळल्याशिवाय कळप बाहेर काढायचा नाही. गवत बुडापर्यंत खाल्लं जाण्याआधी, चार-पाच दिवसांतच जागा बदलायची, आणि त्या तुकड्यात निदान दीड-दोन महिने शेळी न्यायची नाही. मधल्या काळात तिथे बैल, म्हशी चारा. शेळीचा हा जंत त्यांच्यात फारसा टिकत नाही. बोरी-बाभळीचा पाला उंचावर असतो, तिथवर अळी पोचत नाही. पावसाळ्यात शेळीला झुडपांकडेच वळवा.

‘दर महिन्याला सगळ्यांना जंताचं औषध पाजा’ हा सल्ला तर कानाआड करा. अशाने औषधाला दाद न देणारे जंत तेवढे मागे उरतात. त्यापेक्षा खालची पापणी उलटून बघा. लालबुंद असेल तर सोडून द्या. पांढरट दिसली किंवा जबड्याखाली पाणी धरल्यासारखी सूज आली, तर त्याच जनावराला, वजन करून, डॉक्टर सांगतील तेवढं औषध द्या. अंदाजाने कमी पाजणं न पाजण्यापेक्षा वाईट. दर पावसाळ्यात ज्या शेळीची पापणी पांढरी पडते ती विकून टाका, मग दूध कितीही देवो. आणि चाळीतला सडका कांदा पाट्याच्या पाट्या पुढे ओतू नका, त्यानेही रक्त कमी होतं.

विण्याचं म्हणाल तर शेळी बहुतेकदा आपली आपण विते.

विक्री बकरी ईदला धरायची असेल तर उलटं मोजा. कुर्बानीच्या बोकडाला वर्ष पूर्ण लागतं, गाभणकाळ पाच महिन्यांचा; म्हणजे ईदच्या साधारण दीड वर्ष आधी शेळी फळवायला हवी. ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते, तेवढं लक्षात ठेवा. एरवी व्यापारी गोठ्यात येऊन ‘उक्ता देऊन टाका’ म्हणाला, की आधी काटा टांगा, भावाचं नंतर बोला.