पीसी सुरू होत नाही? फॉरमॅट मारण्याआधी हे तपासा

पीसी अडकला की 'फॉरमॅट मारू या' हे उत्तर तयारच असतं. पण बटण दाबल्यावर पडद्यावर काहीच उमटत नसेल, तर विंडोजपर्यंत गाडी पोचलेलीच नाही. मग फॉरमॅट कशाला? आधी बिघाड नेमका कुठल्या टप्प्यावर आहे ते ठरवा.

पंखासुद्धा हलत नसेल तर त्याच सॉकेटला मोबाईलचा चार्जर लावून बघा. एक्स्टेन्शन बोर्ड आणि यूपीएस वगळून वायर थेट भिंतीत घाला. कॅबिनेटच्या मागचा खटका पुसताना चुकून बंद झालेला असतो, हे हसण्यावारी नेऊ नका. इथवर ठीक असेल तर संशय एसएमपीएसवर, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्यावर. वायर काढून त्याचा २४ पिनांचा जोड मदरबोर्डवरून, म्हणजे मुख्य सर्किट बोर्डवरून सोडवा, त्यातली एकुलती हिरवी तार आणि शेजारची काळी कागदाच्या क्लिपने जोडा, मगच वीज द्या. पंखा फिरला म्हणजे एसएमपीएस उठतोय, एवढंच कळतं. मल्टिमीटरवर पिवळ्या तारेला ११.४ ते १२.६, लालला ४.७५ ते ५.२५ आणि नारिंगीला ३.१४ ते ३.४७ व्होल्ट दिसायला हवेत. सगळ्याच तारा काळ्या असतील तर अंदाजाने क्लिप घालू नका. आणि एसएमपीएसचा डबा उघडायचाच नाही. आतल्या कपॅसिटरमध्ये वायर काढल्यावरही ३०० व्होल्टच्या वर वीज साठलेली असू शकते.

एसएमपीएस चांगला निघाला तर कॅबिनेटचं बटण गेलंय का बघा. मदरबोर्डवर 'पीडब्ल्यूआर' लिहिलेल्या दोन पिनांना स्क्रू ड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवा. पीसी सुरू झाला तर दोष बटणाचाच.

पंखे फिरतात पण पडदा काळा, ही तक्रार कोल्हापुरात पावसाळ्यात जास्त. जून ते सप्टेंबरच्या दमट हवेत रॅमच्या, म्हणजे तात्पुरत्या मेमरीच्या पट्टीवर पातळ थर धरतो आणि संपर्क तुटतो. वायर काढा, पॉवर बटण १० सेकंद दाबून धरा, कॅबिनेटच्या लोखंडाला हात लावा. रॅम बाहेर काढून सोनेरी दातांवर पांढरा खोडरबर हलक्या हाताने फिरवा, चुरा ब्रशने झाडा. तोंडाने फुंकू नका, थुंकीचा ओलावा बसतो. परत बसवताना क्लिप 'टक्' वाजेपर्यंत दाबा. अर्धवट बसलेली रॅम वरून नीटच दिसते. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून बघा. प्रोसेसरजवळचा ४ किंवा ८ पिनांचा जोड सैल असला तरी हेच होतं. ग्राफिक्स कार्ड असेल तर मॉनिटरची केबल कार्डालाच हवी. पीसीचं घड्याळ आधीपासूनच मागे पडत असेल तर मदरबोर्डवरचा नाण्यासारखा सीआर २०३२ सेल बदला.

पीसी चालता चालता गोठला तर कीबोर्डवरचं नम लॉक दाबा. दिवा बदलला तर आत जीव आहे. कंट्रोल, शिफ्ट, विंडोज आणि बी एकत्र दाबा, ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने उठतो. दिवा ढिम्म असेल तर बटण १० सेकंद दाबून बंद करा.

पंधरा-वीस मिनिटांनी किंवा गेम लावल्यावरच अडकत असेल तर ते तापणं. उद्यमनगर, शिरोलीकडच्या कारखान्यांतल्या पीसीत धुळीसोबत लोखंडाचा कीस असतो, तो वीज वाहतो, म्हणून साफसफाई दर तीन महिन्यांनी. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवा. प्रोसेसरवरचा हीटसिंक, म्हणजे उष्णता ओढणारा धातूचा ठोकळा काढलाच तर जुनी पेस्ट पूर्ण पुसून वाटाण्याएवढी नवी लावा. जास्त लावली तर जास्त थंड होत नाही, नुसती बाहेर ओघळते.

हार्ड डिस्कचा दिवा सतत पेटलेला आणि आतून टकटक, असं असेल तर दुरुस्तीच्या नादी न लागता आधी फोटो, बिलं, टॅलीचा डेटा बाहेर काढा. चेकडिस्क, म्हणजे विंडोजचा डिस्क तपासणारा प्रोग्रॅम, मरणाऱ्या डिस्कवर ताण देतो. मग डिस्क मदरबोर्डला जोडणारी साटा केबल बदलून बघा, ती स्वस्त असते.

विंडोजचा लोगो येऊन थांबत असेल तर दोन-तीनदा मधेच बंद करा, दुरुस्तीचा पडदा आपोआप उघडतो. तिथून स्टार्टअप रिपेअर, नाहीतर शेवटचा अपडेट काढून टाका. फॉरमॅटची पाळी त्यानंतर, आणि त्याआधी एक रात्र विंडोजची रॅम तपासणी, म्हणजे मेमरी डायग्नोस्टिक, चालवून ठेवा. रॅमच खराब असेल तर नवी विंडोजही आठवड्यात तशीच अडकेल.