लोडेड नाचोज भिजू न देता कसे करावेत

आखाजीला, म्हणजे खानदेशातल्या अक्षय्य तृतीयेला, दुपारी खापरावरची पुरणपोळी आणि आमरस झालेला असतो. संध्याकाळी गच्चीवर पाणी मारून सतरंज्या पडल्या की माहेरी आलेल्या मुली आणि त्यांच्या पोरांना ‘काहीतरी चटपटीत’ हवं असतं. तेव्हा लोडेड नाचोज, म्हणजे मक्याच्या चिप्सवर चीज, राजमा वगैरे रचून ओव्हनमध्ये तापवलेला ट्रे, सोयीचे, कारण सगळी तयारी सकाळच्या गारव्यात उरकता येते. पण बहुतेक घरांत ट्रे बाहेर येतो तोवर वरच्या चिप्स कुरकुरीत आणि खालच्या म्हणजे भिजलेल्या पापडाचा लगदा असतो. मग त्यावर आणखी चीज घाला, आणखी सॉस ओता, असले सल्ले मिळतात. दोन्ही चुकीचे. नाचोज बिघडतात ते पाण्याने, आणि ते पाणी चिपला लागायच्या आधीच काढून टाकायचं असतं.

6-7 जणांसाठी प्रमाण: साध्या खारट नाचो चिप्स 300 ग्रॅम, कोरडा राजमा 100 ग्रॅम, मोझरेला 200 ग्रॅम, प्रोसेस्ड चीजच्या 2 क्यूब, दही अर्धा किलो, कडक टोमॅटो 3, कांदे 2, ढोबळी मिरची 1, कोथिंबीर, लिंबू. मसालेदार चिप्स घेऊ नका, त्यांचं मीठ-मसाला चीजवर चढतो. घरी मक्याच्या पिठाच्या चिप्स करायच्या भानगडीत तर पडूच नका. मेक्सिकोत मका आधी चुन्याच्या पाण्यात शिजवून मग दळतात, त्यामुळे त्या पिठाला चिकटाई येते. आपल्या गिरणीतल्या पिठाला ती नसते, म्हणून लाटी चिरते आणि चिप जाड होते. चिप्सऐवजी ज्वारीचे बिबडे (खानदेशी पापड) तळून घ्यायची हौस अनेकांना येते. चवीला झकास, पण बिबडा तळला की पोकळ फुलतो आणि ओलं लागताच बसतो. बिबडे वेगळ्या ताटात द्या.

दही फडक्यात बांधून गाळणीत ठेवा, खाली भांडं, आणि हे सगळं फ्रिजमध्ये 4 तास. वैशाखात खुंटीला टांगलेलं दही आंबून जातं. चक्क्यात मीठ आणि किसलेला लसूण घालून ठेवा.

मिरचीचं लोणचं बाटलीतलं असेल तर निथळून कागदावर टाका. घरचं हवं असेल तर अर्धी वाटी व्हिनेगर, अर्धी वाटी पाणी, चमचाभर मीठ आणि चमचाभर साखर उकळून भज्यांच्या जाड मिरचीच्या चकत्यांवर ओता, अर्ध्या तासात तयार. बारीक तिखट मिरची इथे नको. चीजसोबत ती पोरांच्या तोंडात जाते आणि गच्चीवर रडारड होते.

आता राजमा. नाचोज इथेच फसतात, म्हणून घाई करू नका. रात्रभर भिजवून, भिजवलेलं पाणी फेकून, नव्या पाण्यात कुकरच्या 5-6 शिट्ट्या करा. दाणा बोटात दाबला की लोण्यासारखा चिरडला पाहिजे. मग चाळणीत उपसून 10 मिनिटं निथळू द्या. शिजवलेलं पाणी जपून ठेवून ‘चवीसाठी’ परत कढईत घालायची सवय भाजीला ठीक आहे, इथे नाही.

कढईत 2 चमचे तेल, जिरं, ठेचलेला लसूण, चमचाभर तिखट आणि फक्त अर्धा चमचा काळा मसाला. आपल्याकडे काळा मसाला मुठीने पडतो. इथे तसा पडला तर शेवभाजी आणि नाचोज यांतला फरक संपेल. राजमा घाला, निम्मा दाणा डावाने चिरडा आणि मध्यम आचेवर परतत राहा. आधी तो सैल होईल, फसफसेल, मग घट्ट होत कढईला धरायला लागेल. इथेच लोक गॅस बंद करतात. अजून 4-5 मिनिटं हवीत. उलथनं तळावरून ओढलं की मागे उघडी पडलेली वाट मिटता कामा नये. तरीही खात्री नसेल तर एक चमचा राजमा एका चिपवर ठेवून 5 मिनिटं थांबा. चिप मोडताना ‘कट्’ वाजली तर काम झालं, वाकली तर कढई परत गॅसवर. आणि राजमा पूर्ण गार झाल्यावरच वापरा. गरम राजम्याची वाफ चिपमध्येच जाते.

टोमॅटोचंही तेच. चार फाका करून बिया आणि त्यांभोवतीचा पातळ गर काढा, फक्त सालीलगतच्या घट्ट भागाचे बारीक चौकोन घ्या, मीठ लावून 15 मिनिटं चाळणीत ठेवा आणि मुठीत हलके पिळा. तीन टोमॅटोंतून खाली किती पाणी जमतं ते पाहिलं की परत कधी अख्खा टोमॅटो चिरून घालणार नाही. कांदा, ढोबळी मिरची, कोथिंबीर त्यात आयत्या वेळी, लिंबू त्याहून शेवटी.

रचताना चीज चिपला थेट लागलं पाहिजे. राजमा आधी आणि चीज वरून, हा उलटा क्रम सगळीकडे दिसतो आणि तो सरळ चुकीचा आहे. वितळलेल्या चीजची चरबी चिपवर थर धरते आणि वरचा ओलावा अडवते. म्हणून पसरट ट्रेमध्ये चिप्सचा एक थर, त्यावर किसलेलं चीज, मग राजम्याचे लहान लहान गोळे, मग दुसरा थर आणि परत चीज. दोनच थर, डोंगर नको. 1940च्या दशकात मेक्सिकोतल्या पिएद्रास नेग्रास गावात इग्नासिओ ‘नाचो’ अनाया यांनी जे पहिले नाचोज केले, त्यात तळलेला तोर्तिया (मक्याची पातळ पोळी), चीज आणि मिरचीच्या चकत्या एवढंच होतं. बाकीचं लोडिंग नंतरचं, आणि भिजण्याची कटकटही.

मोझरेलाला तार सुटते पण चव कमी, प्रोसेस्ड चीजला खारट चव असते पण तार नाही, म्हणून दोन्ही मिसळून किसा. चीज सॉस ओतायचाच असेल तर वाटीत बाजूला द्या. हिवाळ्यात भरीत करत असाल तर तेही वाटीतच. भरताला तेल आणि पाणी दोन्ही सुटतं.

ओटीजी (घरगुती विजेचा ओव्हन) 200 अंशांवर 10 मिनिटं तापवून घ्या, दोन्ही रॉड चालू, आणि ट्रे 5-6 मिनिटं. चीज वितळून बुडबुडे आले की बाहेर. त्यापुढे तेल वेगळं होतं आणि चीज रबरासारखं ओढतं. मायक्रोवेव्ह वापरू नका, त्यात चिप मऊ पडते. ऐन वेळी वीज गेली तर जाड लोखंडी तव्यावर स्टीलचं ताट ठेवून मंद आचेवर 6-8 मिनिटं ठेवा, पण झाकणाला आतून कोरडं फडकं बांधा. नाहीतर झाकणावर जमलेले थेंब सगळे चिप्सवर टपकतात आणि सकाळपासूनची मेहनत पाण्यात.

बाहेर काढल्यावर टोमॅटो-कांदा, मिरची, चक्क्याचे ठिपके. हवी तर मूठभर तिखट शेव.

सगळं एकाच ट्रेत करू नका, दोन करा आणि पहिला अर्धा संपला की दुसरा आत ढकला. चीज 10 मिनिटांत गोठतं, आणि झोक्यावर बसलेल्या मुली पहिल्या हाकेला कधीच उठत नाहीत. त्यामुळे आधी हाक मारा, सतरंजीवर बसवा, मग ट्रे आत घाला. उरलेल्या रचलेल्या चिप्स गरम करायचा प्रयत्न व्यर्थ आहे, पण कढईतला राजमा उरला तर सकाळी पोळीत गुंडाळून डब्याला जातो.