स्वप्नात भान टिकवायचे असेल तर चहा केव्हा थांबवावा

स्वप्न चालू असतानाच ‘हे स्वप्न आहे’ हे उमगणे, याला ल्युसिड ड्रीम म्हणतात. चहा-कॉफीतल्या कॅफिनने मेंदू तल्लख होतो, तेव्हा झोपेतही भान राहील, असा तर्क अनेकजण करतात. हा तर्क चुकीच्या टोकाला धरलेला आहे. कॅफिनमुळे अशी स्वप्ने पडतात, याला भरवशाचा आधार नाही. उलट ज्या झोपेत ती पडतात, तीच त्याने कमी होऊ शकते. त्यामुळे या सरावाची सुरुवात चहाच्या वेळा ठरवण्यापासून करावी.

आधी कारण समजून घ्यावे. आपण जागे असतो तोवर मेंदूत ॲडिनोसिन नावाचे रसायन साठत जाते आणि झोपेची ओढ वाढते. कॅफिन या ॲडिनोसिनची जागा अडवते. थकवा तसाच राहतो, तो फक्त जाणवत नाही. पोटात गेलेल्या कॅफिनपैकी निम्मे शरीराबाहेर पडायला साधारण ५ तास लागतात. संध्याकाळी ६ वाजता दोन कपांतून ८० मिलिग्रॅम कॅफिन घेतले, तर रात्री ११ वाजता जवळजवळ ४० मिलिग्रॅम, म्हणजे एका कपाइतके, अजून अंगात असते. धूम्रपान करणाऱ्यांत हा काळ कमी, तर गर्भवती स्त्रिया आणि गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्यांत बराच जास्त असतो. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निजण्याच्या ६ तास आधी दिलेल्या ४०० मिलिग्रॅम कॅफिननेही झोप तासाभराहून अधिक घटल्याचे दिसले.

पहिले काम मोजदादीचे. दूध घालून उकळलेल्या भरल्या कपात साधारण ३० ते ५० मिलिग्रॅम कॅफिन असते, टपरीवरच्या छोट्या ग्लासात त्याहून कमी. कोऱ्या चहात दूध नसते, कॅफिन मात्र असतेच. कोला पेये आणि डोकेदुखीच्या काही गोळ्याही हिशेबात धराव्यात. जळगाव-धुळ्याकडे पाहुण्याच्या हाती घरोघरी कप दिला जातो आणि तो नाकारणे वाईट दिसते. असे कप मोजायचे राहून जातात, म्हणून आठवडाभर ते वहीत लिहून ठेवावेत.

मग शेवटच्या कपाची वेळ ठरवावी. रात्री १० ला निजणाऱ्याने दुपारी २ नंतर चहा घेऊ नये. ज्याची झोप मुळात हलकी आहे त्याने दुपारच्या जेवणाआधीच थांबावे. संध्याकाळी हात रिकामा राहत नसेल, तर चहापूड न घालता गवती चहा आणि आले उकळून घ्यावे. नावात चहा असला तरी त्यात कॅफिन नसते. रोजचे कप एकदम तोडू नयेत, कारण बारा ते चोवीस तासांत डोके दुखू लागते आणि हा त्रास आठवडाभरही रेंगाळू शकतो. दर दोन-तीन दिवसांनी एक कप कमी करणे बरे.

आता स्वप्नांकडे वळू. ठळक स्वप्ने मुख्यतः रेम झोपेत, म्हणजे मिटल्या पापण्यांआड डोळे भरभर हलतात त्या झोपेत, पडतात. ही झोप १९५३ साली ॲसेरिन्स्की आणि क्लाइटमन या संशोधकांनी नोंदवली. साधारण दीड तासाच्या प्रत्येक चक्रात ती येते, पण तिचा मोठा वाटा पहाटेकडे असतो. उशिरा डोळा लागला आणि ठरल्या वेळी उठावेच लागले, तर नेमका हाच वाटा कापला जातो. मे महिन्यात गच्चीवर निजणाऱ्यांचे असेच होते: मध्यरात्रीनंतर कुठे हवा निवते आणि सहाच्या आत ऊन डोळ्यांवर येते. त्यात रात्रीचा चहा पडला की उरते काय? सरावासाठी हिवाळाच निवडावा, फक्त वांग्याच्या भरताच्या पार्टीनंतर फिरणारा चहा टाळावा.

सराव असा करावा. उशाशी वही ठेवून जाग येताच स्वप्न लिहावे. दिवसा अधूनमधून एखादी पाटी दोनदा वाचून आपण जागे आहोत का, हे गंभीरपणे तपासावे. स्वप्नात अक्षरे बहुधा बदलतात. सुट्टीच्या आदल्या रात्री, पाचेक तासांच्या झोपेनंतर गजर लावून अर्धा तास उठावे, नुकतेच पडलेले स्वप्न आठवावे आणि ‘पुढच्या स्वप्नात मला कळेल की हे स्वप्न आहे’ असे मनाशी घोकत पुन्हा निजावे. या अर्ध्या तासात चहा अजिबात घेऊ नये. कॅफिनचा जोर अर्ध्या ते एका तासात चढतो, म्हणजे नेमके डोळे मिटायच्या वेळी.

भुसावळला रेल्वेत रात्रपाळी करणाऱ्यांनी किंवा रावेर-यावलकडे रात्रीच्या विजेवर केळीला पाणी देणाऱ्यांनी त्या आठवड्यात हा सराव करूच नये. त्यांनी चहा पाळीच्या पहिल्या भागात घ्यावा आणि घरी परतायच्या पाच-सहा तास आधी थांबवावा. ज्यांना भास होतात, मानसिक आजारावर उपचार चालू आहेत किंवा दिवसा अनावर झोप येते, त्यांनी आधी डॉक्टरांशी बोलावे.