जुन्या वास्तूत प्रदर्शन मांडताना

स्थानिक इतिहासाच्या संग्रहालयाचं काम पहिल्यांदाच हाती आलं की नवखे लोक आधी फलकांचे रंग ठरवायला बसतात. मी त्यांना सांगतो, आधी टेप, ओळंबा आणि लक्समीटर (उजेड लक्समध्ये मोजायचं यंत्र) घेऊन वास्तूत फिरा. जुन्या भिंती क्वचितच ओळंब्यात असतात, कोपरे काटकोनात नसतात. मापात बनवून आणलेलं शोकेस भिंतीला वर टेकतं आणि खाली बोटभर फट राहते. त्यामुळे मी भिंतीला काही टेकवतच नाही. सगळं आपापल्या पायांवर उभं, पायांना लेव्हलचे स्क्रू.

याला दुसरंही कारण आहे. चुन्याची भिंत ओल बाहेर सोडत असते. तिच्यावर सपाट फलक चिकटवला की ओल मागे अडकते, बुरशी धरते. खिळा ठोकलात तर ताटलीएवढा गिलावा हातात येतो. जुन्या वास्तूंचा वापर व्हावा, पण त्यासाठी त्यांची रचना किंवा सजावट बदलू नये, हे जुन्या वास्तूंच्या जतनाबद्दलच्या 1964 च्या आंतरराष्ट्रीय व्हेनिस सनदेतच म्हटलंय. लाकडी मजल्यावर जड काच ठेवण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा, एवढं पुरे.

खरी डोकेदुखी उजेडाची. कागद, कापड, जुने फोटो यांच्यासाठी साधारण 50 लक्सची मर्यादा पाळतात, आणि खिडकीशी भर दुपारी मीटर हजारांत जातो. उजेडाने झालेलं नुकसान साठत जातं. दिवा बंद केला म्हणून विटलेला रंग परत येत नाही. पण म्हणून खिडक्या प्लायने बंद करणं मला पटत नाही. घराची ओळखच त्यात असते. खिडकीच्या काचेला अतिनील किरण अडवणारी यूव्ही फिल्म लावा, तिथे फोटोंच्या प्रती ठेवा आणि मूळ दस्तऐवज आतल्या अंधाऱ्या खोलीत न्या. यात कालक्रम मोडतो. मोडू द्या! खोल्या ज्या क्रमाने उघडतात, त्याच क्रमाने गोष्ट सांगा.

शोकेसच्या आत एमडीएफ, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड, नको. त्यातून आम्लाची वाफ सुटते आणि शिशाच्या वस्तूंवर पांढरी भुकटी धरते.

गावकरी वस्तू आणून देतात तेव्हा तोंडी व्यवहार करू नका. त्यांच्यासमोर फोटो काढा, आधीचे ओरखडे, तडे लिहून घ्या, परतीची तारीख टाका आणि दोघांच्या सह्यांची एक प्रत त्यांना द्या.