रानात वाट चुकलात? या चुका टाळा

बेळगावकडच्या जांबोटी-कणकुंबीच्या रानात वाट चुकलेल्याला विचारा, कधी चुकलात? तो म्हणेल, आत्ता अर्ध्या तासापूर्वी. प्रत्यक्षात त्याआधीच तासभर तो चुकलेला असतो, कबूल तेवढं करत नसतो.

सगळ्यांत महागात पडते ती हीच चूक. ओढा डावीकडं हवा होता, दिसला उजवीकडं, तरी मन समजूत घालतं, 'वळला असेल पुढं.' डोक्यातला नकाशा खरा ठरवायला आपण डोळ्यांना खोटं पाडतो. एका जुलैत मीही गवळीवाड्याची म्हणून जी पायवाट धरली, ती लाकूडफाट्याला जाणाऱ्यांची होती. दोनदा शंका आली आणि दोन्ही वेळा मी चाल वाढवली! भ्यालेल्या माणसाचे पाय असेच पुढं ओढतात. मागं फिरणं हरल्यासारखं वाटतं. शंका पहिल्यांदा येईल तिथंच थांबा. खात्रीची जागा तेव्हा फार लांब गेलेली नसते.

'नाकासमोर चालत राहिलं की कुठंतरी निघेनच' ही दुसरी चूक. नाकासमोर चालताच येत नाही. २००९ साली जर्मनीतल्या ट्युबिंगेनच्या संशोधकांनी माणसांना अनोळखी जंगलात सरळ चालायला सांगितलं. सूर्य दिसत होता तोवर जमलं. ढग आले की ती गोल फिरू लागली, स्वतःचीच वाट ओलांडली तरी त्यांना कळलं नाही. एक पाय आखूड असतो म्हणून असं होतं, हेही खरं नाही, कारण तोच माणूस कधी डावीकडं वळे, कधी उजवीकडं. आता कणकुंबीचा पावसाळा आठवा. चार-चार दिवस सूर्य नाही, वर धुकं. आपल्याकडं याला चकवा म्हणतात. आज्जी सांगायची, "चकवा लागला की खाली बस, पाणी पी, मग ऊठ." भुताचं सोडा, उपाय बरोबर आहे. छातीतली धडधड उतरल्याशिवाय आलेली वाट आठवत नाही.

पाण्याच्या धारेनं खाली उतरा, गाव लागतं, हा सल्लाही इथं जपून घ्या. मलप्रभा कणकुंबीत उगम पावून पूर्वेला जाते. म्हादईचं पाणी मात्र पश्चिमेला, गोव्याकडं कोसळतं. चुकीचा ओढा धरलात तर समोर गाव नाही, कडा येईल.

फोन सारखा उघडून बॅटरी संपवू नका. आपल्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या नेटवर्कवरून ११२ हा आपत्कालीन मदतीचा नंबर लागू शकतो.

आणि माणूस भेटला तर लाजू नका, पण नीट विचारा. 'ही वाट कणकुंबीला जाते न्हवं?' म्हटलं की समोरचा भिडेखातर 'जाते की' म्हणतो. 'ही वाट कुठं जाते?' असं विचारा. त्या जुलैत मी शेवटी एका म्हाताऱ्याला तसंच विचारलं.

"कुठं जाणार? आमच्या गोठ्याकडं. तुमास्नी कुठं जायचं हाय?"