ब्रेस्ट इम्प्लांट बदलून लहान आकाराचे बसवून घेताना

मोठी इम्प्लांट काढून लहान बसवून घेण्याचे ठरवलेल्या स्त्रिया सर्जनला बहुधा आधी हेच विचारतात, की आता किती सीसीचे बसवावे. प्रश्न स्वाभाविक आहे. परंतु त्याआधी दुसऱ्या एका प्रश्नाचे उत्तर मिळायला हवे. मोठ्या इम्प्लांटने इतकी वर्षे ताणून धरलेली त्वचा आणि त्याच्याभोवती शरीराने तयार केलेला कप्पा यांचे काय करायचे? जुने इम्प्लांट बाहेर काढणे हा शस्त्रक्रियेतला तुलनेने सोपा भाग असतो. ते निघाल्यावर त्वचा आणि कप्पा मात्र जुन्याच मापाचे राहतात, आणि लहान आकार छातीवर कसा दिसेल व टिकेल हे मुख्यतः त्यांच्यावर ठरते.

कारण आधी स्पष्ट करावे

सल्ल्यासाठी जाण्यापूर्वी, आपल्याला लहान आकार नेमका का हवा आहे हे चार ओळींत लिहून काढावे, कारण कारणानुसार उपाय बदलतो. सिलिकॉन जेलच्या इम्प्लांटचे वजन दर सीसीला साधारण एक ग्रॅम असते. म्हणजे 500 सीसीचे इम्प्लांट प्रत्येक बाजूला अर्धा किलो भार टाकते, आणि मान, खांदे व पाठ यांना तो वर्षानुवर्षे वाहावा लागतो. तक्रार या भाराची असेल, तर आकारात पन्नास सीसीची घट करून हाती फारसे काही लागणार नाही. दिसण्याच्या दृष्टीनेही फरक जेमतेम जाणवतो. तक्रार स्तन ओघळल्याची असेल, तर नुसते लहान इम्प्लांट बसवल्याने ती वाढेल, कारण आतला आधार कमी होईल आणि सैल त्वचा तशीच राहील. वरचा भाग कृत्रिमपणे फुगीर दिसतो एवढेच खटकत असेल, तर कमी उंचीचे, म्हणजे छातीपासून कमी पुढे येणारे, इम्प्लांट पुरते. आणि वजन वाढल्यामुळे, गर्भारपणानंतर किंवा रजोनिवृत्तीच्या काळात स्वतःचेच स्तन मोठे झाले असतील, तर इम्प्लांटसोबत थोडी स्वतःची ऊतीही कमी करावी लागू शकते.

या टप्प्यावर आणखी एक पर्याय प्रामाणिकपणे विचारात घ्यावा, तो म्हणजे इम्प्लांट मुळीच न बसवण्याचा. स्वतःची ऊती पुरेशी असेल, तर जुने इम्प्लांट काढून केवळ स्तन उचलण्याची शस्त्रक्रिया केल्यानेही सुडौल आकार मिळू शकतो. इम्प्लांट आयुष्यभर टिकण्यासाठी बनवलेले नसते, त्यामुळे नवीन बसवणे म्हणजे पुढे कधीतरी आणखी एका शस्त्रक्रियेची शक्यता स्वीकारणे होय. सर्जनने हा पर्याय स्वतःहून मांडला नाही, तर आपण विचारावा.

जुनी माहिती आणि तपासण्या

पहिल्या शस्त्रक्रियेच्या वेळी मिळालेले इम्प्लांट कार्ड आणि शक्य असल्यास त्या शस्त्रक्रियेची तपशीलवार नोंद मिळवावी. इम्प्लांट कोणत्या कंपनीचे, किती सीसीचे, गुळगुळीत की खरखरीत पृष्ठभागाचे, छातीच्या स्नायूच्या वर की खाली आणि छेद कोठून घेतला, हे सर्व नव्या सर्जनला ठाऊक असणे आवश्यक आहे. स्तन उचलण्याची शस्त्रक्रिया पूर्वी झाली असल्यास तिची नोंद विशेष महत्त्वाची ठरते, कारण स्तनाग्राला रक्त पुरवणाऱ्या कोणत्या वाहिन्या शाबूत आहेत याचा अंदाज त्यावरून येतो.

खरखरीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटचा बीआयए-एएलसीएल या दुर्मीळ लिम्फोमाशी, म्हणजे लसिका संस्थेच्या कर्करोगाशी, संबंध आढळला आहे. याच कारणावरून ॲलर्गन कंपनीने जुलै 2019 मध्ये आपली बायोसेल इम्प्लांट जगभरातून परत घेतली. लक्षणे नसतील तर केवळ या भीतीने ती काढून टाकावीत अशी शिफारस अमेरिकेच्या एफडीएने (अन्न व औषध प्रशासनाने) केलेली नाही. पण बदल करायचाच असेल, तर नवीन इम्प्लांट गुळगुळीत असणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. शस्त्रक्रियेनंतर बऱ्याच काळाने एखाद्या बाजूला अचानक सूज आली किंवा पाणी साठले, तर ते पाणी तपासल्याशिवाय इम्प्लांट बदलण्याची घाई करू नये. वयानुसार मॅमोग्राफी करून घ्यावी, आणि सिलिकॉनचे इम्प्लांट आतून फाटले आहे का हे पाहण्यासाठी सोनोग्राफी किंवा एमआरआय करावा.

वजन काही महिने स्थिर असावे. स्तनपान थांबल्यानंतर निदान सहा महिने जाऊ द्यावेत. नजीकच्या काळात गर्भधारणेचा विचार असेल, तर शस्त्रक्रिया पुढे ढकलणे उत्तम.

माप ठरवताना

ब्राच्या कपावरून इम्प्लांटचे माप ठरवता येत नाही, कारण कपाचे माप प्रत्येक कंपनीगणिक आणि छातीच्या घेरानुसार बदलते. खरे माप सुरू होते ते स्तनाच्या पायाच्या रुंदीपासून. प्रत्येक इम्प्लांटला रुंदी, उंची आणि आकारमान अशी तीन मापे असतात, आणि त्यांचा मेळ कसा घालायचा यावर लहान आकाराची शस्त्रक्रिया अवलंबून असते. पूर्वीचे इम्प्लांट जास्त उंचीचे असेल, तर जवळपास तेवढ्याच रुंदीचे पण कमी उंचीचे इम्प्लांट निवडून आकारमान बरेच घटवता येते; मग कप्पा फारसा सैल पडत नाही आणि दोन्ही स्तनांमधले अंतरही वाढत नाही. याउलट रुंदीही एकदम कमी केली, तर नवीन इम्प्लांट मोठ्या कप्प्यात बाजूला किंवा खाली सरकण्याची भीती असते. आकारमान हवे तेवढे कमी करता करता रुंदी शक्य तितकी जपणे, हे सूत्र सर्जनशी बोलताना लक्षात ठेवावे.

इम्प्लांट सलाइनचे, म्हणजे मिठाच्या पाण्याने भरलेले, असेल, तर काही सर्जन शस्त्रक्रियेच्या काही आठवडे आधी दवाखान्यातच सुईने ते रिकामे करतात. त्यामुळे त्वचेला आकसायला वेळ मिळतो आणि स्वतःची ऊती किती उरली आहे हे डोळ्यांनी दिसते. अंदाजावर निर्णय घेण्यापेक्षा ही वाट मला फार चांगली वाटते. मधल्या काळात दिसणारा रिकामा आकार मनाला जड जाऊ शकतो, त्याची तयारी मात्र ठेवावी.

त्वचा उचलावी लागेल का

उभे राहून पाहिल्यास स्तनाग्र स्तनाखालच्या घडीच्या पातळीवर किंवा त्याहून खाली असेल, तर लहान इम्प्लांटसोबत स्तन उचलण्याची, म्हणजे मास्टोपेक्सीची, गरज बहुधा पडते. सैलपणानुसार छेद स्तनमंडलाभोवती (स्तनाग्राभोवतीच्या गडद वर्तुळाभोवती), त्याखाली उभा, आणि गरज पडल्यास घडीत आडवाही घ्यावा लागतो. नवीन व्रण नकोत म्हणून ही पायरी टाळण्याचा मोह होतो. परंतु सैल त्वचेत लहान इम्प्लांट बसवल्यास स्तन खाली रिकामा लोंबतो आणि पुन्हा शस्त्रक्रियेची वेळ येते, हे लक्षात घेऊन निर्णय करावा.

इम्प्लांट काढणे, कप्प्यात काम करणे आणि त्वचा उचलणे हे सर्व एकाच वेळी केल्यास स्तनाग्राच्या रक्तपुरवठ्यावर ताण येतो. धूम्रपान करणाऱ्या, पूर्वी किरणोपचार झालेल्या किंवा आधी स्तन उचललेल्या स्त्रीमध्ये हा धोका वाढतो. तंबाखू व निकोटिनचा प्रत्येक प्रकार निदान चार ते सहा आठवडे आधीपासून पूर्ण बंद करावा. सर्जनने दोन टप्प्यांत काम करण्याचा, म्हणजे आधी इम्प्लांट बदलून काही महिन्यांनी त्वचा उचलण्याचा सल्ला दिला, तर तो सर्जनच्या अननुभवाचा नव्हे, सावधपणाचा पुरावा समजावा.

कप्पा आणि त्याचे आवरण

इम्प्लांटभोवती शरीर तंतुमय आवरण तयार करते. ते पातळ आणि मऊ असेल, तर त्याचाच उपयोग करून कप्पा आतून टाके घालून लहान करता येतो. जुना कप्पा फारच मोठा किंवा खाली घसरलेला असेल, तर नवीन कप्पा तयार करणे, इम्प्लांट स्नायूच्या वरून खाली किंवा खालून वर हलवणे, अथवा आधारासाठी जाळी वापरणे असे मार्ग असतात. आवरण कडक होऊन स्तन दगडासारखा लागत असेल किंवा दुखत असेल, तर ते काढावे लागते. आजकाल पुष्कळ जणी संपूर्ण आवरण एकसंध काढण्याचा आग्रह धरतात. बीआयए-एएलसीएल झाला असेल तर ते योग्यच आहे. परंतु निरोगी आवरण बरगड्यांना चिकटलेले असताना ते खरवडून काढल्यास फुप्फुसाभोवतीच्या पडद्याला इजा होऊ शकते आणि चांगली ऊतीही वाया जाते.

सर्जनला विचारावे, की आपल्या बाबतीत कप्पा कसा लहान करणार, आवरणाचे काय करणार, आणि इम्प्लांट सरकल्यास पुढची दुरुस्ती कोणाच्या खर्चाने होईल. शस्त्रक्रियेदरम्यान तात्पुरते मापक इम्प्लांट घालून रुग्णाला टेबलावरच बसते करून आकार पाहण्याची पद्धत आहे. म्हणून संमतीपत्रावर एकच आकडा लिहिण्याऐवजी आपल्याला मान्य असलेली वरची व खालची मर्यादा नोंदवावी.

शस्त्रक्रियेनंतर

शस्त्रक्रिया बहुधा पूर्ण भूल देऊन होते आणि कामाच्या व्याप्तीनुसार काही तास चालते. क्वचित निचऱ्याच्या नळ्या काही दिवस ठेवाव्या लागतात. ॲस्पिरिनसारखी रक्त पातळ करणारी औषधे आधी थांबवायची का, हे ती देणाऱ्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

पहिल्या वेळेच्या तुलनेत वेदना काहींना कमी जाणवतात, आणि त्यातूनच निष्काळजीपणा घडतो. कप्प्यातले टाके ऊतीशी जुळून येण्यास वेळ लागतो, त्यामुळे साधारण सहा आठवडे आधार देणारी, तारेविना ब्रा दिवसरात्र वापरावी, पाठीवर झोपावे, जड वस्तू उचलू नयेत आणि हात जोराने वर ताणू नयेत. ताप, वाढती लाली, एकाच बाजूला झपाट्याने येणारी सूज, स्तनाग्राचा काळपट रंग, पोटरीत दुखणे किंवा धाप लागणे यांपैकी काहीही दिसल्यास त्याच दिवशी संपर्क साधावा.

सुरुवातीला स्तन सुरकुतलेले, असमान आणि अपेक्षेपेक्षा फारच लहान दिसतात. मोठ्या आकाराची सवय झालेल्या डोळ्यांना हे खटकते आणि चूक झाली की काय असे वाटू लागते. हे वाटणे बहुतेकींच्या वाट्याला येते. आकार स्थिरावण्यास तीन ते सहा महिने आणि व्रण फिके होण्यास वर्षभर लागू शकते. त्वचा पातळ असल्यास इम्प्लांटच्या कडा किंवा लहरी हाताला लागू शकतात, आणि त्या झाकण्यासाठी नंतर स्वतःची चरबी भरण्याचा उपाय करता येतो. नवीन इम्प्लांट सिलिकॉनचे असेल, तर लक्षणे नसली तरी पाच ते सहा वर्षांनी आणि त्यानंतर दर दोन ते तीन वर्षांनी सोनोग्राफी किंवा एमआरआय करावा, अशी एफडीएची शिफारस आहे. त्या तपासणीसाठी नवीन इम्प्लांट कार्ड जुन्या नोंदींसह एकाच ठिकाणी जपून ठेवावे.