गिअरबॉक्स बदललात? कन्व्हर्टर घेण्याआधी पल्स मोजा

राजापूरला माझं ऑटो वायरिंगचं दुकान आहे. जुन्या जीपला दुसऱ्या गाडीचा पाच गिअरचा बॉक्स आणि इलेक्ट्रॉनिक मीटर बसवून झालं की गाडी माझ्याकडे येते. काटा तरी मेलेला असतो, नाहीतर साठला ऐंशी दाखवत असतो. माझं सांगणं एकच: कन्व्हर्टर, म्हणजे बॉक्सचे पल्स मीटरला हवे तेवढे करून देणारं सर्किट, मागवण्याआधी दोन आकडे हातात घ्या. मीटरला किलोमीटरमागे किती पल्स (सेन्सरकडून येणारे विजेचे ठोके) हवेत आणि नवा बॉक्स किती देतो.

मीटरचा आकडा टेबलावरच निघतो. बऱ्याच जपानी मीटरना किलोमीटरला 2548 पल्स लागतात. केबल किलोमीटरला 637 फेरे घ्यायची आणि सेन्सर फेऱ्याला 4 पल्स द्यायचा, त्यातून आलेला हा आकडा. म्हणजे ताशी 60 ला साधारण 42.5 हर्ट्झ, सेकंदाला तेवढे पल्स. सिग्नल जनरेटरने तेवढी फ्रिक्वेन्सी देऊन बघा. काटा दुसरीकडेच गेला तर तो 60 वर येईपर्यंत फ्रिक्वेन्सी बदला आणि आलेल्या आकड्याला 60 ने गुणा.

बॉक्सच्या बाजूला मात्र घाई नको. टायरवर लिहिलेल्या साइजवरून घेर काढू नका. टायरवर खडूची खूण करा, गाडीत माणूस बसवून एक फेरा ढकला आणि जमिनीवर टेपने मोजा. मग मागची दोन्ही चाकं उचला, दोन्ही सारखी दहा वेळा फिरवा आणि प्रॉपेलर शाफ्टचे (बॉक्सकडून मागच्या ॲक्सलला जाणारा दांडा) फेरे मोजा. एकच चाक फिरवलंत तर डिफरेन्शियलमुळे (दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणारे गिअर) शाफ्टचे फेरे निम्मेच भरतील. समजा घेर 2.1 मीटर, शाफ्टचे फेरे 41 आणि सेन्सरसमोरच्या चकतीला 6 दाते. किलोमीटरला चाकाचे 476 फेरे, गुणिले 4.1, गुणिले 6, म्हणजे सुमारे 11,714 पल्स. फोर-बाय-फोर गाडीत सेन्सर ट्रान्सफर केसच्या (बॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारी पेटी) पुढे की मागे तेही बघा. बॉक्सवरच असेल तर लो रेंजमध्ये (चढाला जोर देणारा हळू गिअर) मीटर खोटं बोलणार.

11,714 ला 2548 ने भागलं की 4.6 येतात. पूर्ण आकड्यानेच भागणाऱ्या साध्या डिव्हायडरने 4 ने भागलंत तर साठला 69 दिसतील, 5 ने भागलंत तर 55. कमी दाखवणारं मीटर मी गाडीत ठेवू देत नाही. त्यावर विसंबून चालवणारा माणूस घाटात वळणावर जास्त वेगाने शिरतो. म्हणून अपूर्णांकात भागणारा कन्व्हर्टर घ्या किंवा आर्डुइनोवर (प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड) करा: दोन पल्समधला वेळ मोजायचा, त्यावरून नवी फ्रिक्वेन्सी काढायची. अर्धा सेकंद पल्स आला नाही तर आउटपुट बंद करायचं, नाहीतर गाडी थांबली तरी काटा वरच राहतो.

आता सिग्नलचा प्रकार. दोन वायरींचा सेन्सर बहुतेक वेळा कॉइलचा असतो. त्याला सप्लाय लागत नाही, तो एसी व्होल्टेज देतो आणि वेग कमी झाला की व्होल्टेजही पडतं. त्याला एलएम1815 सारखी आयसी लावून चौकोनी पल्स करून घ्या. तीन वायरींचा हॉल सेन्सर (चुंबकाचा बदल ओळखणारा) आधीच चौकोनी पल्स देतो, पण बहुधा त्याच्या सिग्नल वायरला पुल-अप रेझिस्टर (वायर प्लसकडे ओढून धरणारा) लागतो. एबीएसच्या (ब्रेक लागताना चाक जॅम होऊ न देणारी यंत्रणा) सेन्सरवरून सिग्नल चोरू नका. काटा हलेल, पण ब्रेकच्या वायरीला हात लागेल.

आपल्याकडे खरा शत्रू खारा वारा. बॉक्सखालचा कपलर एका पावसाळ्यात हिरवा पडतो आणि मग लोक सेन्सरलाच दोष देतात. जोड सोल्डर करून गोंदवाली हीटश्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवा. कॉइलच्या दोन्ही वायरी पिळून न्या, इग्निशनच्या वायरीपासून लांब ठेवा. कन्व्हर्टर डॅशबोर्डच्या आत बसवा, बॉनेटखाली नाही.

शेवटची तपासणी मोबाइलच्या जीपीएसवर, पण घाटात किंवा कशेडीच्या बोगद्यात नको, तिथे आकडा उशिरा येतो किंवा जातोच. सड्यावरचा (कातळाच्या पठारावरचा) मोकळा सरळ रस्ता घ्या. सोबत्याला आकडे वाचायला बसवा, 40 आणि 60 ला वेग स्थिर धरा. मीटर जीपीएसपेक्षा दोन-तीन किलोमीटर जास्त दाखवेल एवढा कन्व्हर्टर लावा. टायर पुढे कधी मोठे घातलेत तर घेर पुन्हा मोजावा लागेल.